निळ्या युनिफॉर्ममधला फोटो

काकू, पंधरा दिवसांपूर्वी वॉर्डात सहा नंबरचा बेड लावताना उशी ठेवली आणि हात थांबला. अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे आलं होतं. मी उशी फिरवली. शेजारच्या हेल्थकेअर असिस्टंटनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, सवय." सवय माझी नव्हती, तुमची होती, हे तिला कसं सांगणार? तुम्हाला जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते आणि तोवर मी रडले नव्हते. मग चादरी ठेवतात त्या खोलीत जाऊन पाच मिनिटं रडले आणि तोंड धुऊन परत आले. रडलेलं तोंड पेशंटला दाखवायचं नाही, हेही तुमचंच.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहिशील का, असं मला विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओळखणारी माणसं लेस्टरमध्ये आहेत. तुमचं गाव कोणतं, तुम्ही इकडे कधी आलात, हे ती लिहितील. मला फक्त एवढंच लिहायचं आहे की मी तुमच्या बाबतीत एक चूक केली, ती तुम्हाला कळली, आणि मी ती कबूल करायच्या आत तुम्ही गेलात. हे सगळ्यांसमोर लिहावं का, मला नक्की माहीत नाही. पण चूकही मी सगळ्यांसमोरच केली होती.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती पेढे घेऊन. नर्सिंगला ॲडमिशन मिळाली होती. आमच्या घरात युनिव्हर्सिटीत जाणारी मी पहिली. बाबा गोदामात, आई केअर होमच्या लाँड्रीत. इचलकरंजी सोडून आम्ही इंग्लंडला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. इथं पुढच्या शिक्षणाबद्दल कुणाला विचारायचं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आईला मंडळाच्या गणपतीत कुणीतरी सांगितलं की एक रत्नाकाकू आहेत, हॉस्पिटलात सिस्टर होत्या, रिटायर झाल्यात.

आई म्हणाली, "हिला जरा दोन गोष्टी सांगा तुमच्या अनुभवाच्या."

तुम्ही पेढा अर्धा खाल्ला, अर्धा बशीत ठेवला आणि मला विचारलंत, "बेड लावता येतो?"

"आता सिम्युलेशन लॅबमध्ये शिकवतात, काकू."

"त्या लॅबमध्ये माणूस झोपतो का?"

"नाही. डमी असतो."

"मग डमीला चालेल असाच लावशील. ये इकडे."

तुमच्या मागच्या खोलीतला पलंग मी चार वेळा लावला. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे, वॉर्डातल्या बेडची चाकं एका रांगेत आत वळलेली कशी ठेवायची, आणि शेवटी उशी. अभ्र्याचं तोंड दाराच्या उलट्या बाजूला. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "सगळ्या नर्सेसवरची मेट्रन दारातून बघायची. दारातून उघडी तोंडं दिसली की वॉर्ड गबाळा."

"पण आता तशी मेट्रन नसते ना."

"मेट्रन नसते म्हणून वॉर्ड गबाळा ठेवायचा?"

आई हसली. मीही हसले, पण घाबरत. नंतर वह्या भरायला लागले. लाल आणि पांढरी फुलं एका फुलदाणीत ठेवायची नाहीत, कारण जुन्या नर्सेसना त्यात रक्त आणि बँडेज दिसायचं. स्टार्च केलेल्या सपाट कापडाच्या तुकड्याला घड्या घालून टोपी करायची, आणि प्रत्येक हॉस्पिटलची घडी वेगळी, त्यामुळे टोपीवरून मुलगी कुठं शिकली ते कळायचं. पेशंट गेला की खिडकी उघडायची. त्याला स्वच्छ करताना त्याच्याशी बोलत राहायचं: आता तुम्हाला कुशीवर वळवते हं, आता हात पुसते. "ऐकू येत नाही म्हणून बोलायचं नाही असं कुणी सांगितलं?" असं तुम्ही म्हणाला होतात. हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. मी लिहून घेत असले की तुम्हाला आवडायचं, हे मला कळायचं. तुम्ही मग जरा हळू बोलायचात.

आपली भांडणंही व्हायची. एकदा तुम्ही मला बसस्टॉपवर पकडलंत. मी युनिफॉर्मवर कोट घातला होता.

"हे काय घालून उभी आहेस?"

"कोट आहे ना वरून, काकू."

"कोटाखाली पाय दिसतायत ना! निळी पॅन्ट अख्ख्या बेलग्रेव्ह रोडला दिसतेय."

"तिथं चेंजिंग रूमला रांग असते. वीस मिनिटं जातात."

"मग वीस मिनिटं लवकर जा. युनिफॉर्म बसमध्ये आणायचा नाही. बसमधली घाण वॉर्डात, वॉर्डातली घाण बसमध्ये. आणि शाळेतली पोरं बघतात. त्यांना वाटलं पाहिजे की हा कपडा कुठंतरी खास ठिकाणीच असतो."

मी म्हटलं, "कपडाच तर आहे." तुम्ही माझ्या कोटाचं वरचं बटण लावलंत आणि तुमच्या बसमध्ये चढलात. मला त्या वेळी तुम्ही फार जुन्या वाटलात. खरं सांगायचं तर थोड्या हास्यास्पदही वाटलात.

दुसऱ्या वर्षी आम्हाला नर्सिंगच्या इतिहासाची काही लेक्चर्स होती. त्यात मला पहिल्यांदा कळलं की तुमच्या काळात नर्सिंगचे दोन रस्ते होते. तीन वर्षांचा, ज्यातून स्टाफ नर्स आणि पुढे सिस्टर, म्हणजे अख्ख्या वॉर्डची प्रमुख, होता यायचं. आणि दोन वर्षांचा, ज्यातून वर जायला जवळजवळ वाटच नव्हती. बाहेरच्या देशांतून आलेल्या कितीतरी मुलींना दुसऱ्या रस्त्याला लावलं गेलं, आणि पुष्कळ जणींना फॉर्मवर सही करताना फरकच माहीत नव्हता. लेक्चरमध्ये मी एकदम ताठ बसले. संध्याकाळी तडक तुमच्याकडे आले.

"काकू, तुम्ही कुठला कोर्स केलात?"

"दोन वर्षांचा. हिरवा युनिफॉर्म. आमच्याकडे हिरवा म्हणजे दोन वर्षांवाली."

"तुम्ही मागितला होता तो?"

"मी नर्सिंग मागितलं होतं. एकोणीस वर्षांची होते. सही कर म्हणाले, केली."

"आणि कधी कळलं?"

"पास झाल्यावर. गावी परत जायचं होतं. तिकडून पत्र आलं की हे सर्टिफिकेट इथं चालणार नाही."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी सातची ड्यूटी होती."

"काकू, तुम्हाला फसवलं त्यांनी!"

"चहा गार होतोय तुझा."

मला तुमचा राग आला. त्यांचा यायला हवा होता, पण तुमचा आला. एवढं होऊनही तुम्ही सिस्टरच्या पट्ट्याचं बकल चांदीच्या पॉलिशनं चमकवून कपाटात ठेवता, टोपीच्या घड्या अभिमानानं सांगता, ज्यांनी फसवलं त्यांचेच नियम पाळता, असं मी काहीतरी बोलले. तुम्ही उठून कप विसळायला गेलात. मला वाटलं, तुम्हाला उत्तर सुचत नाहीये. मला खरंच तसं वाटलं.

थोड्याच दिवसांत युनिव्हर्सिटीत आरोग्यसेवेतल्या युनिफॉर्मच्या इतिहासावर प्रदर्शन ठरलं. प्रत्येक विद्यार्थ्यानं एक फलक करायचा. मी तुमच्याकडे फोटो मागितले. तुम्ही दोन दिलेत. एक हिरव्या युनिफॉर्ममधला. टोपी थोडी तिरपी, डोळे मोठे, हातात इनॅमलची थाळी. दुसरा गडद निळ्या युनिफॉर्ममधला. कमरेला चांदीचं बकल, मागं ऑफिसचं दार, हातांची घडी. त्याच्या पाठीवर पेन्सिलनं 'पहिला दिवस' असं लिहिलेलं.

मी म्हटलं, "यात हसत का नाही?"

"सिस्टर फोटोत हसत नाही."

"आणि वॉर्डात?"

"वॉर्डात तर मुळीच नाही."

हिरव्यापासून निळ्यापर्यंत यायला तुम्हाला किती वर्षं लागली, मधे पुन्हा शिकलात, परीक्षा दिल्यात, तेव्हा मुलगा लहान होता, हे सगळं तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत. मी लिहूनही घेतलं. आणि फलकावर फक्त हिरवा फोटो लावला.

का लावला, हे मी गेले काही दिवस स्वतःला विचारते आहे. जागा नव्हती, हे मी तुम्हाला सांगितलेलं कारण. ते अर्धं खरं होतं. ट्यूटर म्हणाल्या होत्या की फलकावर एकच ठळक मुद्दा असू दे. निळा फोटो आला की मुद्दा बोथट होत होता. लोक म्हणाले असते, चला, शेवटी झाल्या ना सिस्टर. आणि आणखी एक कारण आहे, ते लिहायला लाज वाटते. वर्गात मी कधी बोलत नाही. बाकीच्यांना शब्द पटकन सापडतात. त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर अशा गोष्टी बोलत असतील. माझ्याकडे तेव्हा पहिल्यांदाच असं काही होतं की ट्यूटरनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे फार जबरदस्त आहे." मला ते वाक्य गमवायचं नव्हतं. म्हणून वर मोठ्या अक्षरात 'सेकंड क्लास नर्स' असं लिहिलं, खाली तुमचं नाव, आणि गोष्ट त्या न चालणाऱ्या सर्टिफिकेटपाशी थांबवली.

तुम्हाला आधी दाखवलं नाही. सरप्राइज आहे म्हटलं.

तुम्ही मोरपंखी रेशमी साडी नेसून आलात. केस सेट करून घेतले होते. साडीच्या पदरावर ते चांदीचं बकल पिनेनं लावलं होतं. दोन बस बदलून आलात आणि तरी दहा मिनिटं आधी पोचलात. फलकासमोर उभ्या राहून तुम्ही एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलंत. मग मागं वळून विचारलंत, "निळा कुठंय?"

"काकू, जागा नव्हती."

"बरं."

तेवढ्यात ट्यूटर आल्या. तुमचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, तुम्ही किती सोसलं असेल. तुम्ही म्हणालात, "आय वॉज सिस्टर ऑन अ मेल सर्जिकल वॉर्ड." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाल्या, किती सोसलं असेल. मागं चारपाच मुलं उभी होती. सगळे तुमच्याकडे हळुवार बघत होते. मला तेव्हा अभिमान वाटत होता. काकू, मला खरोखर अभिमान वाटत होता.

"मला स्टॉपपर्यंत सोड," तुम्ही म्हणालात.

स्टॉपवर तुम्ही म्हणालात, "मी पेशंटकडे जसं बघायचे ना, तसं ते सगळे माझ्याकडे बघत होते."

मी म्हटलं, "पण मी लिहिलंय त्यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही."

"मग?"

"बस आली," तुम्ही म्हणालात.

ते आपलं शेवटचं समोरासमोरचं बोलणं. त्यानंतर माझी वॉर्डातल्या कामाची प्लेसमेंट सुरू झाली. मी मेसेज केला, प्रदर्शनाचे फोटो पाठवू का? तुमचं उत्तर आलं, 'नको. अभ्यास कर.' मी ठरवलं की परीक्षा झाली की जाऊन बोलेन. काय बोलेन ते नक्की नव्हतं. अर्धा भाग माफीचा होता आणि अर्धा भाग अजून भांडणाचाच होता. एका सकाळी तुमचा मेसेज आला, 'थंडी आहे. कोटाची बटणं लाव.' मी शिफ्टवर होते. नंतर सावकाश नीट उत्तर लिहू म्हणून ठेवून दिलं. तो राग गेल्याचा मेसेज होता, की तुम्ही सगळ्यांना पाठवता तसलाच एक होता? मी तो इतक्यांदा वाचलाय की आता त्यातून काहीच कळत नाही.

आठ दिवसांनी आईचा फोन आला. तुम्हाला स्ट्रोक आला होता. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तुमचा मुलगा ब्रिस्टलहून निघाला होता, तो अजून वाटेत होता. बेडभोवती पडदा ओढलेला आणि आतून एका मुलीचा आवाज येत होता. "रत्ना, आय ॲम जस्ट गोइंग टू टर्न यू टुवर्ड्स मी, लव्ह." ती तुमच्याशी बोलत होती, काकू. कुणीतरी तिलाही शिकवलं होतं. मला पडदा सरकवून सांगावंसं वाटलं की यांना सिस्टर म्हण, या सिस्टर होत्या. मी पडदा सरकवला नाही. नंतर आत गेल्यावर मी खिडकी उघडायला गेले. हल्लीच्या त्या खिडक्या चार बोटांपेक्षा जास्त उघडत नाहीत. तेवढी उघडली.

क्रिमेटोरियममध्ये अर्ध्या तासाची वेळ मिळाली होती. मंडळातले पुष्कळ लोक होते. डॉक्टरमंडळी पुढच्या रांगेत होती, नेहमीसारखी. शेवटच्या रांगेत काठी घेतलेल्या एक उंच आजी एकट्या बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनीच मला गाठलं.

"तू ती फलकवाली मुलगी का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्या मिस ग्लोरिया. तुम्ही त्यांच्याबद्दल मला कधी सांगितलं नव्हतंत. जमैकाहून आलेल्या, तुमच्याच बॅचच्या, तुमच्यासारख्याच हिरव्या. त्या म्हणाल्या, "रत्नानं मला फोन करून सगळं सांगितलं. आम्ही तासभर हसलो. ती म्हणाली, पोरीला वाटतंय हे तिनंच शोधून काढलं."

"म्हणजे त्यांना राग आला नव्हता?"

"आला होता की! चांगलाच आला होता. पण हिरव्याचा नाही, डार्लिंग. हिरव्याचा राग तिला पन्नास वर्षं येत होता, त्यात तुझ्या मदतीची गरज नव्हती. आम्ही दोघी मेट्रनच्या ऑफिसात तीनदा गेलो होतो. तीन वर्षांचा कोर्स द्या म्हणून. तिसऱ्यांदा मेट्रन म्हणाली, तुम्हा मुलींचे हात चांगले आहेत, त्यातच समाधान माना. मी बाहेर येऊन रडले. रत्ना बाहेर येऊन म्हणाली, चौथ्यांदा कधी जायचं?"

मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही मागितला होता का तो कोर्स. त्यानंतर तुम्ही काय केलंत, हे मी विचारलंच नव्हतं. तुम्ही सही केलीत, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलात. माझ्या गोष्टीला तेवढं पुरत होतं.

मिस ग्लोरियांनी मला चहाला बोलवलं. गेल्या आठवड्यात गेले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकल्यापासून मी जास्तच अस्वस्थ आहे. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सिस्टर लोकांचं टेबल वेगळं असायचं. निळ्यांनी निळ्यांबरोबर बसायचं. हिरव्यांनी तिथं बसायचं नाही. तुम्हाला निळा मिळाला त्या दिवशी मिस ग्लोरियांनी तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन आलात, त्यांच्याकडे बघितलंत, आणि जाऊन सिस्टरांच्या टेबलावर बसलात.

"मग?" मी विचारलं.

"मग मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही."

"त्यांनी माफी मागितली?"

"रत्नानं? छे! एका रविवारी घरी आली, म्हणाली तुझे पडदे फार चुरगळलेत, आणि सगळ्या घराचे पडदे इस्त्री करून गेली. मग बोलायला लागलो."

काकू, तुमच्या त्या निळ्या फोटोत तुम्ही हसत नाही आहात. पाठीवर 'पहिला दिवस' लिहिलंय. तो फोटो कँटीनमधल्या त्या चहाच्या आधीचा आहे की नंतरचा, हे मला विचारायचं होतं. आता कुणाला विचारू? मिस ग्लोरियांना विचारायची हिंमत झाली नाही.

मी जेव्हा तुम्हाला म्हटलं होतं की ज्यांनी फसवलं त्यांचेच नियम तुम्ही पाळता, तेव्हा तुम्ही कप विसळायला गेला होतात. मला वाटलं होतं, उत्तर नाही. आता वाटतं, उत्तर होतं आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त बोचत होतं. ते मला सांगितलं असतंत, तर मी तेही फलकावर लावलं असतं. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत.

आणि तरीही आपलं भांडण माझ्या डोक्यात संपलेलं नाही, हेही खरं सांगायला हवं. ते टेबल चुकीचंच होतं. तो फॉर्म चुकीचाच होता. वॉर्डात तुमच्या नियमांनी कुणाचा जीव वाचला असेल, आणि त्याच नियमांनी कँटीनमध्ये एक खुर्ची रिकामी राहिली. मी कुठला नियम घेऊ आणि कुठला सोडू, हे मला समजावून सांगणारं माणूस एकच होतं.

दरम्यान युनिव्हर्सिटीकडून ईमेल आला. प्रदर्शनातले काही फलक एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कायमचे लावायचे आहेत. त्यात माझा निवडला गेला आहे. तुमच्या नावापुढं 'दिवंगत' जोडू का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

मी ट्यूटरना भेटायला गेले. म्हटलं, "तो फलक लावू नका. तो चुकीचा आहे."

"त्यात काय चुकीचं आहे? आपण सगळं तपासलं होतं."

"चुकीचं काही नाही. पण ज्यांच्यावर आहे त्यांना मी तो आधी दाखवला नव्हता. आणि त्यांनी दिलेला एक फोटो मी वगळला. मुद्दाम."

त्या म्हणाल्या, लोकांना तो फार भावलाय. मी म्हटलं, हो, म्हणूनच. हे मला नीट समजावून सांगता आलं नाही, शब्द अडखळले, डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही राग आला. शेवटी त्या म्हणाल्या, ठीक आहे, नवा मजकूर सोमवारपर्यंत दे. जागा तेवढीच आहे. शीर्षक मात्र काढू नकोस, ते ठळक आहे.

शीर्षक मी काढलं आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगेन.

चार दिवस लागले मला तेवढ्या ओळींना. मग कागद घेऊन मिस ग्लोरियांकडे गेले, लावायच्या आधी. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि पहिल्यांदा 'प्रेमळ' हा शब्द खोडला. "ती प्रेमळ नव्हती. ती वेळेवर यायची. ते लिही." मी विचारलं, टेबलाचं राहू दे का? त्या म्हणाल्या, "राहू दे. पण पडद्यांचंही लिही. नाहीतर तू पुन्हा तेच करशील."

कागद परत देताना म्हणाल्या, "माझं झालं. आता रत्नाला कोण विचारणार?"

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, तुम्हाला तो माझ्या तोंडून मराठीतच ऐकायला आवडला असता असं धरून चालते. वर दोन्ही फोटो शेजारी शेजारी, सारख्याच आकाराचे. खाली हे:

'सिस्टर रत्नमाला. नर्स व्हायला एकोणिसाव्या वर्षी आल्या. नर्सिंग मागितलं, तर फरक न सांगता दोन वर्षांचं शिक्षण दिलं गेलं. तीन वर्षांचं मागायला त्या मैत्रिणीबरोबर तीनदा मेट्रनच्या ऑफिसात गेल्या आणि तीनदा नकार घेऊन आल्या. पुढं संसार सांभाळून पुन्हा शिकल्या आणि पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डच्या सिस्टर झाल्या. हिरव्या आणि निळ्या युनिफॉर्मच्या नर्सेस तेव्हा एका टेबलावर बसत नसत. निळा मिळाल्यावर त्याही तो नियम पाळत राहिल्या. मैत्रीण वर्षभर बोलली नाही. मग त्यांनी तिच्या घरचे पडदे इस्त्री केले. त्या ड्यूटीवर नेहमी वेळेवर येत.'

काकू, यात काय चुकलंय? टेबलाची ओळ तुम्हाला लागेल का? लागली तर काढायची का? 'नकार घेऊन आल्या' हे पुन्हा कीव केल्यासारखं वाटतं का? मी मोठ्यानं वाचून बघितलं, दोनदा. आई म्हणाली, चांगलं झालंय. पण आईला माझं सगळंच चांगलं वाटतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता फलक छापायला जाईल. तोपर्यंत बदलता येतं.